माजघरातला खांब

“खांब इथं न्हाई रोवायचा,” मारोतराव म्हणाले, आणि मी खडूने काढलेल्या फुलीवर चांगले दोन्ही पाय रोवून उभे राहिले.

“मग कुठे रोवायचा?”

“दोन हात सरकवा. उगवतीला.”

“का?”

“तिथं देवाचं ठाणं हाय.”

त्या एका फुलीवरून आमची झटापट सुरू होऊन तीन दिवस झाले होते. बाहेर अंगणात इमामसाब मिस्त्री विडी ओढत बसले होते. खोदणारे दोघे कुदळी टेकून उभे होते. आणि आमच्या डोक्यावर ती तडकलेली तुळई होती, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. हैदराबादेत ओव्हरसियरचा कोर्स करून पूर्णेला करीमसाब नावाच्या ठेकेदाराकडे नोकरीला लागलो होतो. वर्षभर गोदामं, शेड, क्वार्टर्स असली कामं असत. हिवाळ्यात खेड्यापाड्यांतून घरदुरुस्तीची कामं येत. त्यातलं हे मारोतरावांचं. मानवतहून बैलगाडीने दीड तासाचं गाव. घरात मारोतराव, त्यांची बायको, पाच मुलं, म्हातारे चुलते आणि थोरली बहीण. बहिणीला सगळं गाव आक्का म्हणायचं. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली ती तिथलीच झाली. घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. ही नऊ माणसं त्या तुळईखाली निजत होती.

आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. सागाच्या तुळया टाकायच्या, त्यांच्यावर लाकडाच्या चिपा, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती चोपून बसवायची. उन्हाळ्यात घर गार, थंडीत ऊबदार. फक्त एक खोड आहे. गळू नये म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी वर नव्या मातीचा थर देतात आणि जुना थर कोणी काढत नाही. आजाने थर दिला, बापाने दिला, मुलानेही दिला. हातभर असायची ती माती मी मोजली तेव्हा पावणेदोन हात भरली. एवढं ओझं मधल्या मोठ्या तुळईवर आलं आणि ती बरोबर मधोमध तडकली. चिरेत माझं बोट जात होतं. घरात कोणी मोठ्याने दार लावलं तर वरून माती गळायची.

घराचं काम हिवाळ्यातच काढावं. पावसात माळवद उघडता येत नाही. उन्हाळ्यात चुना घाईने वाळतो आणि चिरतो, त्याला दिवसातून चार वेळा पाणी मारावं लागतं आणि विहिरीत तर तेव्हा प्यायलाही पाणी नसतं. थंडीत चुना सावकाश धरतो आणि पक्का धरतो. पण हिवाळ्यात माणूस मिळत नाही. दिवाळीपासून सगळे कापूस वेचायला आणि माघात ज्वारी काढायला. मधे जी फट मिळते तेवढ्यात काम उरकायचं. म्हणून मी आधीच कागदावर आठवडे मांडले होते. पहिल्या आठवड्यात चुन्याची कळी विरवायची, टेकू लावायचे आणि खांबाचा पाया खोदायचा. दुसऱ्यात माळवदाची माती उतरवायची. तिसऱ्यात तुळईच्या बरोबर मध्याखाली दगडी खांब. मग छत, मग खिडक्या, मग चुलीवर धुराडं. येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण, यायच्या आत खांब डोकं वर काढेल असा माझा हिशेब. कागदावर सगळं छान बसलं होतं.

खांब मध्याखाली का, ते सांगतो. वाकलेल्या दांड्याला आधार द्यायचा तर जिथे तो वाकला तिथेच द्यावा लागतो. दोन हात बाजूला दिला तर चीर तशीच राहते. एवढी साधी गोष्ट. मी मारोतरावांना ती छत्री आडवी धरून दाखवली, पळीने दाखवली, शेवटी त्यांच्याच काठीने दाखवली.

“समजलं मला,” ते म्हणाले. “पर तिथं न्हाई.”

आता माझी चूक सांगतो. कामाच्या पहिल्याच दिवशी मी माजघराच्या मधोमध उभा राहून खणखणीत आवाजात विचारलं होतं, “जमिनीखाली काही आहे का? जुनी विहीर, भुयार, पेव?” पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. घागरीसारखा, तोंडाशी लहान आणि पोटात मोठा. तोंडावर फरशी, वर माती, वर सारवण. वरून बघणाऱ्याला नुसती जमीन दिसते. मी विचारलं तेव्हा तिथे मिस्त्री होते, दोन मजूर होते, शेजारचे दोघे बघे होते. मारोतराव म्हणाले, “न्हाई.” मी कुदळीच्या दांड्याने जमीन ठोकून पाहिली. आवाज भरीव आला. मी वहीत लिहिलं, खाली काही नाही.

भरलेलं पेव वाजत नाही, हे मला कोर्समध्ये कोणी शिकवलं नव्हतं. आणि जे घरी शिकलो होतो ते मी हैदराबादेत विसरून आलो होतो.

तर चौथा दिवस. मी ठरवूनच गेलो. तुळईला टेकू लावलेले होते, पण टेकू म्हणजे काही कायमचा आधार नव्हे. विरवलेला चुना तयार होता. मजूर दोन दिवस बसून कंटाळले होते आणि तिसऱ्या दिवशी वेचणीला निघून गेले असते. माझ्या डोक्यात एकच होतं, एका खेडुताच्या देवापायी नऊ माणसांचा जीव टांगणीला ठेवायचा नाही. मी मारोतरावांना तसं तोंडावर सांगितलं.

“आज जेवणं झाली की मी खोदणार. घर तुमचं आहे, पण छत पडलं तर नाव माझं जाईल.”

त्यांचा चेहरा उतरला. रागावतील असं वाटलं होतं, पण रागावले नाहीत. “ओव्हरशेर, मी काय तुमचा वैरी न्हाई,” एवढंच म्हणाले आणि बैलांकडे निघून गेले. मला जरा वाईट वाटलं, पण मी ते दाबलं.

करीमसाबांचा एक कडक नियम होता. मालकाच्या घरी जेवायचं नाही. “मीठ खाया तो टेप छोटा हो जाता,” असं ते म्हणत. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून माणूस मापात सूट देतो, हा त्यांचा अनुभव. म्हणून मी मानवतच्या खानावळीतून रोज डबा आणायचो आणि बाभळीखाली बसून खायचो. त्या दिवशी मी डबा सोडला आणि आक्का समोर येऊन उभी राहिली. आजवर ती माझ्याशी चार शब्दही बोलली नव्हती.

“झाका ते. आज आमच्यात जेवा.”

“आक्का, आमच्या साहेबांचा नियम आहे.”

“तुमचा साहेब हाय का इथं? चार दिस झाले शिळंपाकं खायलाव. आमची एक येळची भाकर खावा, मग काय उकरायचं ते उकरा.”

डबा झाकला आणि गेलो. माजघरात, माझ्या फुलीपासून चार पावलांवर, दोन पाट मांडले होते. एक मला, एक मारोतरावांना. हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, तिळाची चटणी, कांदा. आक्काने मला भाकरी वाढली आणि मग भावाला वाढली.

माझी भाकरी पिवळसर होती. त्यांची पांढरीशुभ्र.

मला आधी राग आला. खरिपाची नवी ज्वारी घरात आली असताना पाहुण्याला जुनाट धान्याची भाकरी आणि घरधन्याला नव्याची? आमच्या भागात असं कोणी शत्रूलाही करत नाही. पाहुण्याला चांगलं वाढून आपण कण्या-कोंडा खाऊ, पण असं नाही. मी घास मोडला आणि तोंडाजवळ नेला. वास आला. आंबूस, उबट, बंद मातीचा वास.

तो वास मी लहानपणी दर आषाढात घेतला होता. माझं गाव चारठाण्याच्या बाजूचं. आमच्या मामाच्या घरी पेव होतं. ते उघडलं की पहिले काही दिवस घरभर हाच वास आणि ताटात हीच पिवळी भाकरी. आम्ही मुलं नाक मुरडायचो आणि मामी ओरडायची. कणगीतल्या ज्वारीला, पोत्यातल्या ज्वारीला हा वास कधी येत नाही. तो फक्त पेवातल्या धान्याला येतो. गेल्या आषाढात काढलेलं थोडं आक्काने मडक्यात तोंड बांधून ठेवलं असावं.

मी वर पाहिलं. मारोतरावांचा हात ताटातच थांबला होता. ते माझ्या भाकरीकडे बघत होते, मग बहिणीकडे बघू लागले. आक्का कांदा फोडत होती.

“भाकर कशी लागली, भाऊ?” तिने मान वर न करता विचारलं.

“चांगली आहे. अजून एक वाढा.”

मी दोन भाकरी खाल्ल्या. मला शरम वाटत होती. चार दिवस मी या माणसाला अडाणी समजत होतो. तेव्हा महायुद्धाचे दिवस होते. सरकार लेव्ही घेत होतं, म्हणजे शेतकऱ्याच्या धान्यातला ठरवलेला वाटा. पण वाटा घ्यायला आलेले लोक ठरलेल्यावर थांबत नसत. ज्याच्या घरात पेव सापडलं त्याचं पेव रिकामं होई, हे सगळ्यांना माहीत होतं. अशा दिवसांत एक परका पोरगा पूर्णेहून येतो, चार लोकांसमोर विचारतो, पेव आहे का? हो म्हणायला काय त्या माणसाला वेड लागलं होतं? डोक्यावरचं छत जाईल की घरातलं अन्न जाईल, यातलं एक निवडायची पाळी मी त्याच्यावर आणली होती. त्याने देव पुढे केला.

हात धुऊन मी बाहेर आलो. इमामसाब उठले. “हौ साब, अब्बी खोदना?”

“नाही. आज कोणी कुदळ लावायची नाही. मला पुन्हा मोजायचं आहे.”

“चार दिन से मोजतेच हैं,” इमामसाब पुटपुटले आणि पुन्हा विडी पेटवली.

मी विहिरीच्या काठावर जाऊन बसलो आणि नव्याने विचार केला. आणि मग मला खरी भीती वाटली. मारोतराव म्हणत होते दोन हात उगवतीला सरका. म्हणजे ते पेवाचं तोंड चुकवत होते. पण पोटाचं काय? तोंड हातभर असेल, पोट त्याच्या चौपट-पाचपट. त्यांनी सांगितलेल्या जागी खांब उभा केला असता तरी तो पोटाच्या छतावरच उभा राहिला असता. आज भरलेलं म्हणून तगलं असतं. आषाढात धान्य काढून पेव रिकामं झालं की खांब खाली आणि त्याच्या मागे तुळई, माळवद आणि नऊ माणसं. मी चूक होतो आणि तेही चूक होते. मी खालचं पेव धरलं नव्हतं, त्यांनी वरचं ओझं.

आता मला पेवाचं पोट केवढं आहे ते हवं होतं. पण विचारायचं कसं? विचारलं की नाही म्हणणार. मी आक्काकडे गेलो. ती धुणं वाळत घालत होती.

“आक्का, देवाच्या ठाण्यावर आमच्या लोकांचा पाय पडायला नको. उद्या सकाळी काम सुरू व्हायच्या आधी पूजा करा. जेवढं ठाणं आहे तेवढी रांगोळी घाला.”

ती थांबली. “नुस्तं ठाणं का भवतालचं बी?”

“भोवतालचंही. देव जेवढी जागा घेतो तेवढी सगळी. थोडी जास्त झाली तर चालेल, कमी नको.”

“बरं,” ती म्हणाली आणि लुगडं झटकून दोरीवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माजघरात रांगोळी होती. फुलं नाहीत, कमळ नाही, गोपद्म नाही. नुसतं एक मोठं वर्तुळ, मधे हळदीकुंकवाचा ठिपका. वर्तुळ इतकं सारखं होतं की हाताने काढलेलं नव्हतंच. खुंटी ठोकून दोरी फिरवून आखलेलं. तिने पेवात उतरून पोटाचं माप कधीतरी घेतलेलं असणार, त्याशिवाय एवढी खात्री येत नाही. मी टेप काढला आणि सगळ्यांदेखत रांगोळी मोजली. नऊ फूट आणि वर दोन बोटं.

मारोतराव दाराशी उभे होते.

“ठाणं लय मोठं हाय, ओव्हरशेर,” ते हळू आवाजात म्हणाले.

“मोठं आहे. पण होईल.”

आता एका खांबाचे दोन खांब करायचे, रांगोळीच्या दोन बाजूंना. तेही कडेला चिकटून नाही. खांबाचं ओझं जमिनीत सरळ खाली उतरत नाही. लुगड्याच्या निऱ्या खाली फाकतात तसं ते पसरत जातं. म्हणून प्रत्येक बाजूला अजून दोन हात लांब जायचं. मग त्या दोन खांबांवर एक आडवा मजबूत दांडा टाकायचा आणि तडकलेली तुळई त्या दांड्यावर बसवायची. एवढ्या लांबीचा, एवढं ओझं पेलणारा साग लढाईच्या दिवसांत कुठून आणायचा? सागाने होणारही नव्हतं. लोखंड हवं होतं. आणि असं लोखंड माझ्या माहितीत एकाच ठिकाणी होतं, करीमसाबांच्या पूर्णेच्या यार्डात. रेल्वेतून निघालेले जुने रूळ, दोन शेजारी शेजारी टाकले की पुरणारे. ते एका कापसाच्या जिनिंगच्या शेडसाठी राखून ठेवलेले होते.

दुपारची गाडी पकडून मी पूर्णेला गेलो. करीमसाब टेबलाशी बसून रजिस्टर बघत होते. अंगाने मोठे, आवाजानेही मोठे.

“साब, दोन रूळ पाहिजेत.”

“नक्को. वो जिनिंग के हैं.”

“माणसांच्या डोक्यावर छत आहे, साब. दोन दिलेत तर जिनिंगला पुढच्या लिलावातले देता येतील.”

“एक खंबे का काम था ना? लोहा कायकू होना?”

“एक खांब जमत नाही. दोन घ्यावे लागतात. प्लॅन बदललाय.”

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. त्यात एक रकाना होता, प्लॅन बदलला तर त्याचं कारण लिहायचा. “वजह क्या लिखूँ?”

मी खाली बघत म्हणालो, “देवाचं ठाणं.”

करीमसाब माझ्याकडे बघतच राहिले. “ये तू बोल रा? झिरो फाटा के मुंज्या के झाड पे इत्ता हंसा था, वोच तू?”

झिरो फाट्याला मजुरांनी मुंज्याच्या भुताला भिऊन झाड तोडायला नकार दिला होता, तेव्हा मी त्यांना हसलो होतो. पण आता दुसरं कारण सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर ते रजिस्टरात गेलं असतं आणि रजिस्टर कोणीही उघडून बघू शकत होतं. नोकरी गेली तरी चालेल पण ते सांगायचं नाही, असं मी गाडीतच ठरवून आलो होतो. पण रुळांशिवाय परतही जाणार नव्हतो.

“साब, खालची जागा पोची आहे. यापेक्षा जास्त मला विचारू नका. रूळ द्या.”

त्यांनी टाकाने टेबलावर टकटक केली. मग अचानक विचारलं, “तू वहाँ खाना खाया?”

पकडलो गेलो. “खाल्लं.”

“भाकर कैसी थी?”

मला वाटलं आता नियमावरून बोलणी खावी लागणार. “पिवळी होती,” मी म्हणालो.

“और मालक की?”

“पांढरी.”

करीमसाबांनी टाक खाली ठेवला. मोठा आवाज एकदम लहान झाला. “दो रूळ ले जा. जिनिंगवाले को मैं देख लेता. जॅक भी लगेंगे, स्टोअर से ले. और वजह वोच लिख, देव का ठाणा.”

करीमसाबांच्या वडिलांची गंगाखेडकडे शेती होती, हे मला फार नंतर कळलं.

रूळ मानवत रोडपर्यंत गाडीने आले आणि तिथून दोन बैलगाड्या एकामागे एक बांधून गावात. येळवस होऊन गेली होती. मजूर निम्मे उरले होते. मी आठवडे पुन्हा मांडले. माळवदाची जुनी माती उतरवून मारोतरावांनी ती शेतात टाकली. गावठाणाची पांढरी माती म्हणजे खतच. खांब दगडाचे, चुन्यात बांधलेले. पण चुन्याला पाणी लागतं आणि पेवाला पाण्याचा थेंब चालत नाही. म्हणून बादल्यांनी पाणी मारायचं बंद केलं. खांबांना गोणपाटं गुंडाळली आणि आक्का दिवसातून दोनदा तांब्याने ती नुसती ओलावायची. हे थंडी होती म्हणून जमलं. चैत्र असता तर चुना चिरला असता किंवा ज्वारी कुजली असती.

खांब कमरेइतके झाले तेव्हा एका सकाळी गिरदावर आला. गिरदावर म्हणजे महसूल खात्याचा गावोगाव फिरणारा अंमलदार. बरोबर दोन शिपाई. कोणीतरी लोखंड आल्याचं कळवलं असावं. मारोतरावांच्या अंगातलं रक्त गेल्यासारखं झालं. मी त्यांना डोळ्यांनी बैलांकडे जायला सांगितलं आणि पुढे झालो.

गिरदावर माजघरात आला. रांगोळीभोवती मी खुंट्या ठोकून दोरी बांधली होती.

“हे काय?”

“देवाचं ठाणं, साहेब.”

त्याने छडी जमिनीवर आपटली. एकदा, दोनदा. आवाज भरीव आला. तरी त्याचं समाधान झालं नाही. “एका खांबाने भागत होतं म्हणे. दोन कशाला?”

मी खिशातून पेन्सिल काढली. “सांगतो ना साहेब, बसा.” आणि मी त्याला लोड समजावून सांगायला लागलो. आधी माळवदाचं वजन काढून दाखवलं. मग स्पॅन म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, मग बेअरिंग म्हणजे दांडा टेकतो ती जागा, मग एका खांबावर सगळा भार येणं आणि दोन खांबांवर वाटला जाणं यातला फरक. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. आकृत्या काढल्या. त्याने जांभई दिली तशी मी नवी आकृती काढली. तो उठायला लागला तेव्हा मी म्हणालो, “साहेब, अजून रुळाचं वाकणं राहिलं.” आक्काने गुळाचा चहा आणला तो त्याने उभ्यानेच घेतला आणि गेला. नंतर पुष्कळ वर्षं मी नव्या मुलांना स्पॅन शिकवला, पण एवढा जीव तोडून कधीच नाही.

माघाच्या सुरुवातीला रूळ बसवले. स्क्रू जॅकने तुळई दोन बोटं उचलली, रूळ खाली सरकवले, आणि जॅक सोडायची वेळ आली. “इमामसाब सोडून सगळे बाहेर व्हा,” मी म्हणालो. सगळे गेले. मारोतराव गेले नाहीत. ते बरोबर रांगोळीच्या मधोमध मांडी घालून बसले.

“मारोतराव, बाहेर चला.”

“तुमी आत हाव न्हवं? मग मी बी आतच.”

मी आणि इमामसाबांनी दोन बाजूंनी जॅक सोडायला घेतले. एक एक फेरा. तुळई कुरकुरली, थोडी धूळ पडली, आणि ओझं रुळांवर जाऊन बसलं. रूळ हलले नाहीत. मी टेकू काढले. मारोतराव तसेच बसून वर बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

निघताना मी तुळईच्या चिरेवर चुन्याची एक पातळ पट्टी लावली. तुळई जराही हलली तर पट्टी तडकते, ही आमची साधी युक्ती. पावसाळ्यात येऊन बघतो म्हणून सांगितलं.

आलो तेव्हा आषाढ होता. त्या वर्षी पेरणी लांबली होती. रानात काम नव्हतं. गावात शिरलो तर मारोतरावांच्या दारात माणसं. त्यांचे सालगडी, त्यांच्या बायका, वाड्यावरचे मेंढरंवाले धनगर. प्रत्येकाजवळ टोपलं किंवा फडक्याचा धडपा. मी आत गेलो. दोन खांबांच्या मधे जमीन उघडी होती. कडेला फरशी काढून ठेवली होती. आतली वाईट हवा निघून जावी म्हणून पेव आदल्या दिवसापासून उघडं ठेवलं असावं. एक माणूस आत उतरून घमेल्याने ज्वारी वर देत होता. घरभर तोच उबट वास. आक्का पायलीने मोजून टोपल्यांत घालत होती.

मी वर पाहिलं. चुन्याची पट्टी अखंड होती.

मारोतराव मला बघून उठले. सगळ्यांसमोर माझ्याजवळ आले.

“ओव्हरशेर, तुमी त्या दिशी इचारलं व्हतं, पेव हाय का म्हून.”

“विचारलं होतं.”

“हाय,” ते म्हणाले.

आक्का पायली भरता भरता हसली. “आमच्या बापानं मरताना दोगांकून आण घेतली व्हती, भाऊ. परक्याम्होरं तोंडातून शबूद काढायचा न्हाई. आन घरात दुस्काळात कुणी आलं तर रिकामं धाडायचं न्हाई.” तिने माझ्या पुढ्यात टोपलं सरकवलं. “भाकर वाढायची न्हाई, असं बाप कुठं म्हन्ला व्हता?”

मी पिवळ्या ज्वारीचं एक गाठोडं पूर्णेला घेऊन गेलो. अर्धं करीमसाबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी गाठ सोडली, वास घेतला आणि काही न बोलता घरी पाठवून दिलं. रजिस्टरातलं कारण आम्ही कधी बदललं नाही.

त्यानंतर मी पुष्कळ घरं दुरुस्त केली. करीमसाबांचा नियम मी पाळला नाही. नव्या साइटवर गेलो की पहिल्या दिवशी टेप काढत नाही. मालक जेवायला म्हणाला की बसतो, आणि भाकरी नीट बघून खातो.